चार थेंब टी ट्रीचे आणि साखरेची एक गोळी

पत्र

डॉक्टरताई, नमस्कार. मी ४३ वर्षांची, मानेवाड्याला राहते, शाळेत शिकवते. मागच्या दिवाळीपासून अंगावरून पांढरं जातं, दह्याच्या चोथ्यासारखं, आणि खाज अशी की वर्गात उभं राहणं मुश्कील. पहिल्या वेळी डॉक्टरबाईंनी फ्लुकोनॅझोलची १५० ची एक गोळी दिली, दोन दिवसांत आराम पडला. पुढे पुन्हा पुन्हा होत गेलं तसं तीच चिठ्ठी दाखवून दुकानातून गोळी आणत गेले. आता गोळी घेऊनही फरक पडून नाही राहिला. दोनदा तर गोळी घेतल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी घाम फुटला, हातपाय कापायला लागले. दुकानदार म्हणतो, तुमच्या बुरशीला रेझिस्टन्स आला.

आमच्या सोसायटीतल्या एक वहिनी इसेन्शियल ऑइल विकतात. त्यांनी टी ट्री आणि लवंग तेलाच्या बाटल्या दिल्या, एक पीडीएफही पाठवली. त्यात लिहिलं आहे की ज्या कॅन्डिडा बुरशीवर गोळ्या चालत नाहीत तोही या तेलांनी मरतो. कापसाच्या बोळ्यावर चार थेंब घेऊन रात्रभर आत ठेवायचं म्हणतात. ठेवू का? सासूबाई म्हणतात, ओव्याच्या पाण्यानं धू. मोबाइलवर कॅन्डिडा ऑरिसचा व्हिडिओ पाहिला तेव्हापासून झोप उडाली आहे. यांनाही औषध द्यावं लागेल का? मला शुगर आहे. ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिन तीन वर्षांपासून सुरू आहे, मागच्या पावसाळ्यापासून डॅपाग्लिफ्लोझिनही. कृपया नाव छापू नका.

— एक शिक्षिका, नागपूर

उत्तर

ताई, आधी बोळ्याचं. आत ठेवू नका. चार थेंब नको, एकही नको. हे उत्तर छापून येईपर्यंत ठेवून झाला असेल आणि आग होत असेल, तर बोळा काढून टाका, बाहेरून साध्या कोमट पाण्यानं धुवा आणि दुसरं काहीही लावू नका. फोड आले, सूज आली किंवा लघवीची जळजळ थांबेना, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. दाढ दुखते तेव्हा लवंग तेलाचा बोळा चुकून हिरडीला लागला की काय होतं, ते तुम्हाला ठाऊक असेल. इथली त्वचा तर आधीच खाजवून खाजवून सोललेली आहे.

आता त्या पीडीएफविषयी. ती पाठवणाऱ्या वहिनींना खोटं ठरवायची माझी इच्छा नाही, कारण त्यात लिहिलेलं प्रयोगशाळेपुरतं खरं आहे. टी ट्रीमधलं टर्पिनेन-४-ओल, लवंगेतलं युजेनॉल, ओव्यातलं थायमॉल, दालचिनीतलं सिनॅमाल्डिहाइड, गवती चहातलं सिट्रल ही सगळी द्रव्यं कॅन्डिडा मारतात. आपल्याकडच्या माळावर उगवणारं तिखाडी गवत घ्या. त्याचं रोशा तेल निघतं, त्यातलं जिरॅनिऑलही मारतं. फ्लुकोनॅझोलला दाद न देणारा कॅन्डिडाही यांनी मरतो, हेही अनेक प्रयोगशाळांनी दाखवलं आहे, आणि त्यामागचं कारणही समजण्यासारखं आहे.

फ्लुकोनॅझोल बुरशीच्या एकाच एन्झाइमला धरतं. बुरशीच्या पेशीच्या पडद्याला एर्गोस्टेरॉल नावाचा स्निग्ध पदार्थ लागतो. तो बनवण्याच्या वाटेवरचं ते एन्झाइम अडवलं की पडदा कच्चा राहतो आणि बुरशीची वाढ थांबते. पण वाढच थांबते, बुरशी लगेच मरत नाही. उरलेल्या बुरशीतल्या काही पेशी त्या एन्झाइमची ठेवण थोडी बदलून घेतात, काही आत आलेलं औषध पंपानं बाहेर फेकायला शिकतात, काही एकमेकींना चिकटून चिकट थर करून राहतात. दुकानदार ज्याला रेझिस्टन्स म्हणतो तो असा येतो. तेलांचा मार्ग वेगळा. तेलाचे रेणू स्निग्ध असल्यामुळे ते थेट पडद्यातच घुसतात, पडदा फाटतो, आतला ऐवज गळतो. एकाच एन्झाइमवर अवलंबून नसल्यामुळे बुरशीला निसटणं अवघड जातं. काही प्रयोगांत युजेनॉल किंवा थायमॉल जोडीला दिल्यावर फ्लुकोनॅझोलची कमी मात्राही पुरी पडली. म्हणून शास्त्रज्ञ या तेलांच्या मागे लागले आहेत, आणि लागावंच. जागतिक आरोग्य संघटनेनं ऑक्टोबर २०२२ मध्ये धोकादायक बुरशींची पहिली यादी काढली, तिच्या सगळ्यात वरच्या गटात कॅन्डिडा अल्बिकन्स आणि कॅन्डिडा ऑरिस दोन्ही आहेत. बुरशीवरच्या औषधांचे प्रकारच हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, त्यामुळे नव्या औषधाची गरज खरीच आहे.

पण प्रयोगशाळेत तेल वापरतात कसं, ते पीडीएफमध्ये आलं नसणार. प्लास्टिकच्या छोट्या छोट्या खळग्यांच्या ताटलीत बुरशीचं खाद्य असलेलं पाणी घालतात. तेल पाण्यात मिसळत नाही, म्हणून त्यात ट्वीनसारखा साबणी पदार्थ किंवा डीएमएसओ नावाचं द्रावण टाकतात. मग तेल पातळ करत करत पाहतात, कुठल्या खळग्यात बुरशी वाढायची थांबली. टी ट्रीच्या बाबतीत कॅन्डिडा साधारण पाव ते अर्धा टक्का तेलावर थांबतो. तुमच्या बोळ्यावरचं तेल आहे शंभर टक्के. म्हणजे ताटलीतल्या मात्रेच्या दोनशे ते चारशे पट, तेही साबणी पदार्थाशिवाय. ते आतल्या ओलाव्यात मिसळायचं नाही, एका जागी थबकून बसेल. जिथे टेकेल तिथे भाजेल आणि दोन सेंटिमीटरवरची बुरशी सुखरूप राहील.

थेंब पातळ करूनही हा प्रश्न सुटत नाही. ताटलीत प्रथिनं नसतात, चिकट स्राव नसतो, अंगाला चिकटलेला थर नसतो. शरीरात हे सगळं असतं आणि तेलाचा बराच भाग त्यातच अडकतो. आणखी एक गोष्ट मला खटकते. कागदाच्या चकतीवर तेल टाकून भोवती किती बुरशी मेली ते मोजायची एक पद्धत आहे. तेल उडनशील असतं, त्याची वाफ झाकणाखाली पसरते आणि मोकळं वर्तुळ भलतंच मोठं दिसतं. इंटरनेटवर फिरणारे फोटो बहुतेक याच पद्धतीचे. दिसायला झकास दिसतात, पण आतमध्ये किती मात्रा, किती दिवस, कुठल्या रूपात द्यायची, यातलं काहीच त्यावरून ठरवता येत नाही.

माणसांवर काही झालंच नाही, असंही नाही. १९९८ मध्ये अमेरिकेत एड्सच्या अशा रुग्णांवर अभ्यास झाला, ज्यांच्या तोंडातल्या कॅन्डिडावर फ्लुकोनॅझोल चालेनासं झालं होतं. त्यांना टी ट्रीचं बनवलेलं द्रावण चूळ भरायला दिलं. रुग्ण होते १३. हिशोबात धरता आलेल्या १२ पैकी ८ जणांना चार आठवड्यांत फायदा झाला, पण पूर्ण बरे झाले दोघेच. दुसरं कुठलंच औषध चालत नसताना दोघं बरे होणं मोठंच. पण तुलनेला दुसरा गट नव्हता, आणि १२ रुग्णांवरून घरोघरी बाटली वाटता येत नाही. शिवाय तोंड वेगळं, चूळ थुंकून टाकता येते. तुमच्या त्रासावर, म्हणजे योनिमार्गातल्या चिवट बुरशीवर, तेलाचा भरवसा वाटावा अशी मोठी चाचणी झालेली नाही. गोळ्यांना न जुमानणारी बुरशी असेल तर आणखीच नाही.

टी ट्रीनं एका जागी मात्र नाव काढलं आहे. कोंड्यामागेही एक यीस्ट, म्हणजे बुरशीच असते, मॅलॅसेझिया. २००२ मध्ये १२६ जणांवर झालेल्या चाचणीत ५ टक्के टी ट्रीचा शाम्पू लावणाऱ्यांचा कोंडा ४१ टक्क्यांनी कमी झाला, तेल नसलेल्या शाम्पूनं ११ टक्क्यांनी. कारखान्यात नीट मिसळलेलं, मात्रा ठरलेली, डोक्याची जाड त्वचा, आणि काही मिनिटांत धुऊन टाकायचं. तेलं वाईट असतात असं माझं म्हणणं नाही, हे यावरून कळावं. जाता जाता, कोंडा असलेल्या डोक्याला खोबरेल थापू नका, मॅलॅसेझियाला स्निग्ध पदार्थच लागतात.

बाटलीबद्दल एक नागपुरी काळजी. टी ट्री तेल हवा, उजेड आणि उष्णता लागली की बदलतं, आणि बदललेलं तेल अंगावर जास्त उठतं. ॲलर्जीची खाज, पुरळ, पाणी सुटणं हे बहुधा जुन्या तेलानं होतं. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा न्हाणीघराच्या खिडकीत ठेवलेल्या अर्ध्या बाटलीत काय उरतं, याचा विचार करा. पोटात गेलं तर हे तेल विषारी आहे. लहान मुलं दोन चमचे तेल पिऊन गुंगीत गेल्याच्या, तोल गेल्याच्या नोंदी आहेत. घरात लहानगं असेल तर बाटली कुलपात ठेवा. इतवारीत सुट्या मिळणाऱ्या तेलांत भेसळ आणि नुसतं सुगंधी तेल किती, हे वासावरून मला तरी सांगता येणार नाही.

इथपर्यंत तुमच्या प्रश्नाचं उत्तर झालं. पण तुमच्या पत्रातल्या ज्या ओळींनी मी थबकले त्या वेगळ्याच आहेत. एक घाम फुटल्याची, दुसरी अगदी शेवटची.

घामापासून सुरुवात करू. तुम्ही ग्लिमेपिराइड घेता. ते यकृतातल्या ज्या एन्झाइमनं विघटित होतं, त्याला फ्लुकोनॅझोल दाबून ठेवतं. मग ग्लिमेपिराइड रक्तात जास्त साचतं आणि साखर खाली येते. घाम, थरथर, भूक, डोळ्यांपुढे अंधारी ही त्याचीच लक्षणं. साखर मोजलेली नसल्यामुळे हे नक्की असं छातीठोकपणे सांगत नाही, पण संशय दाट आहे. फ्लुकोनॅझोल अर्धं उतरायलाच सुमारे ३० तास लागतात, म्हणून परिणाम त्याच दिवशी संपत नाही, पुढचे काही दिवस सांभाळावं लागतं. पुन्हा असं झालं तर ग्लुकोमीटरवर साखर पाहा. ७० च्या खाली असेल किंवा मीटर हाताशी नसेल, तर तीन-चार चमचे साखर पाण्यात ढवळून प्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, मग काहीतरी खा. वर्गात असाल तर खुर्चीवर बसा. पर्समध्ये साखरेच्या पुड्या ठेवा. दुकानातून परस्पर आणलेल्या गोळीचं हे असं असतं. दुकानदाराला तुमची दुसरी गोळी माहीत नाही आणि तुम्ही सांगावं असं तुम्हाला कोणी सांगितलं नाही.

आता शेवटची ओळ. डॅपाग्लिफ्लोझिन मागच्या पावसाळ्यात सुरू झालं, त्रास दिवाळीपासून. या गोळीचं कामच असं की मूत्रपिंडानं साखर परत शोषून घेऊ नये, लघवीवाटे सोडून द्यावी. दिवसाला साठ-सत्तर ग्रॅम साखर लघवीतून जाऊ शकते. बाहेरच्या त्वचेवर साखर लागून राहते, ओल राहते, आणि कॅन्डिडाची तर चंगळ होते. औषधाच्या माहितीपत्रकातच हे लिहिलं आहे. चाचण्यांमध्ये १० मिलिग्रॅम घेणाऱ्या स्त्रियांत जवळपास ७ टक्के जणींना जननेंद्रियाचा बुरशीसंसर्ग झाला, बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांत दीड टक्का. २०२० मध्ये आपल्याकडे या औषधाचं पेटंट संपलं, डझनांनी कंपन्या उतरल्या, किंमत पडली, आणि घरोघरी ही गोळी आली. हृदय आणि मूत्रपिंड सांभाळणारी चांगली गोळी आहे, म्हणून उद्या सकाळी स्वतःच्या मनानं बंद करू नका. पण तुमच्या साखरेच्या डॉक्टरांना हा त्रास माहीत आहे का? मला वाटतं नसावा. पांढरं जाण्याचं बाई बायकांच्या डॉक्टरकडे सांगते, शुगरचं शुगरच्या डॉक्टरकडे, आणि दोघांच्या फायली एका टेबलावर कधी येत नाहीत. तुम्ही दोन्ही एकत्र न्या. गोळी चालू ठेवून बुरशीचा नीट बंदोबस्त करायचा, की काही काळ दुसरी गोळी द्यायची, हे ते ठरवतील. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए१सी करून घ्या. साखर चढी असेल तर जगातलं कुठलंही तेल आणि कुठलीही गोळी पुरी पडणार नाही.

म्हणजे रेझिस्टन्स नाहीच का? असू शकतो. पण तो दुकानाच्या काउंटरवर ठरत नाही. आधी बुरशीच आहे का ते पाहायचं. अमेरिकेत एका अभ्यासात, स्वतःच ओळखून दुकानातून बुरशीचं औषध घेणाऱ्या ९५ बायकांना तपासलं. निव्वळ बुरशी होती जेमतेम एक तृतीयांश जणींना. बाकीच्यांत जिवाणूंचा असमतोल, मिश्र संसर्ग किंवा दुसरंच काही. तुमच्या वर्णनावरून बुरशी वाटते खरी, पण वर्षभराच्या खाजेत साबणाची ॲलर्जी आणि त्वचेचे दुसरे आजारही घुसतात, ते डोळ्यांनी बघावे लागतात.

तपासणी किती साधी आहे, ते सांगते. कापसाच्या काडीनं स्राव घ्यायचा, काचेवर थोडा पसरायचा, वर १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा. तुमच्या स्वतःच्या पेशी विरघळतात, बुरशीची भिंत टिकते. सूक्ष्मदर्शकाखाली अल्बिकन्स, म्हणजे कॅन्डिडाची नेहमीची जात, असेल तर लांब धागे आणि त्यांना लागलेले कळ्यांसारखे गोल दिसतात. धागे नाहीत, नुसते बारीक गोल ठिपके दिसले, तर मला ग्लॅब्राटाचा, म्हणजे कॅन्डिडाच्या दुसऱ्या एका जातीचा, संशय येतो, कारण तो धागे काढत नाही. घाईच्या ओपीडीत तो नजरेतून सुटतोही. म्हणून तुमच्यासारख्या बाईचा नमुना कल्चरला, म्हणजे प्रयोगशाळेत बुरशी वाढवून पाहायला, पाठवायलाच हवा, आणि चिठ्ठीवर स्पष्ट लिहून हवं की जात ओळखा आणि कुठलं औषध चालतं तेही तपासा. नुसतं ‘कॅन्डिडा आढळला’ एवढ्या रिपोर्टचा उपयोग नाही. रिपोर्टवर नाकासिओमायसिस ग्लॅब्राटस असं भलं मोठं नाव छापून आलं तर घाबरू नका, ग्लॅब्राटाचं ते नवं नाव आहे. डागा स्त्री रुग्णालयात दाखवा, मेयोत, मेडिकलला किंवा मिहानच्या एम्सला, नाहीतर तुमच्या नेहमीच्या डॉक्टरबाईंकडे. कल्चर कुठे चांगलं होतं ते त्या सांगतील. नमुना देण्याआधी आठवडाभर गोळी, मलम, तेल काहीही आत गेलेलं नको, पाळीचे दिवसही टाळा.

ग्लॅब्राटाचं नाव मी उगाच काढलं नाही. दिल्लीच्या एम्समध्ये मधुमेह असलेल्या आणि हाच त्रास असलेल्या ११२ स्त्रियांवर काम झालं, २००७ मध्ये ते प्रसिद्ध झालं. त्यांच्यात सुमारे ६१ टक्के जणींना ग्लॅब्राटा होता, अल्बिकन्स २९ टक्क्यांना. ग्लॅब्राटावर फ्लुकोनॅझोलची एक गोळी दिली तर बुरशी गेली २९ टक्के जणींची. बोरिक ॲसिडची ६०० मिलिग्रॅमची कॅप्सूल रोज रात्री एक, १४ दिवस आत ठेवली, तर ६४ टक्के जणींची. तुमच्या बुरशीनं गोळी खाऊन खाऊन अंगी बळ आणलं असेल, किंवा ती पहिल्यापासूनच त्या गोळीला फारशी न जुमानणारी असेल. जात कळली की हा घोळ संपतो.

बोरिक ॲसिडचं वाचून मुलाच्या कॅरमची पावडर आठवली असेल तर थांबा. कॅरमच्या पावडरीत आणि झुरळांच्या औषधात बोरिक असतं, म्हणून घरी कॅप्सूल भरणाऱ्या बायका मला भेटल्या आहेत. त्या पावडरीची शुद्धता औषधाची नसते, मात्रा कळत नाही, आणि तोंडावाटे गेलं तर बोरिक विष आहे. दिवस गेले असतील किंवा तशी शक्यता असेल तर ते अजिबात चालत नाही. ४३ व्या वर्षी शक्यता नाही असं धरून चालू नका. तसं काही असेल तर फ्लुकोनॅझोलची गोळीही टाळतात, आत ठेवायची साधी बुरशीनाशक औषधं सात दिवस देतात. डॉक्टरांनी लिहून दिलेली, नीट वजन केलेली कॅप्सूल वेगळी.

आणि अल्बिकन्सच निघाला, गोळी चालते असा रिपोर्ट आला तर? तेव्हा चूक गोळीची नव्हती, गोळी घेण्याच्या रीतीची होती. वर्षात तीन वेळा किंवा जास्त होत असेल तर एका गोळीनं भागत नाही. फ्लुकोनॅझोल पहिल्या, चौथ्या आणि सातव्या दिवशी एक अशा तीन गोळ्या, आणि मग आठवड्याला एक, सहा महिने, अशी रीत आहे. कंटाळवाणी आहे, पण चालते. तुमच्या बाबतीत ती सुरू करायच्या आधी ग्लिमेपिराइडचं काय करायचं ते ठरलं पाहिजे, नाहीतर सहा महिने घाम पुसत बसाल.

सासूबाईंचं ओव्याचं पाणी. त्यांचा हेतू चांगला आहे, आणि ओव्यात थायमॉल आहे हे वर आलंच आहे. पण उकळताना बरंचसं तेल वाफेबरोबर उडून जातं, पाण्यात फार थोडं उरतं. बाहेरून एकदा धुतलं तर आभाळ कोसळणार नाही, पिचकारीनं आत मात्र नको. आतली आम्लता राखणारे चांगले जिवाणू त्यात वाहून जातात. अमृतधारा नको, तिच्यात ओव्याचं फूल, भीमसेनी कापूर आणि पुदिन्याचं फूल असतं, भडका उडेल. सुगंधी वॉश नको, डेटॉलचं पाणी नको. साधं पाणी, कोरडा सुती रुमाल, सुती चड्डी. शाळेतून स्कूटीवर घरी आलात की घामानं ओली झालेली लेगिंग तशीच अंगावर ठेवून स्वयंपाकाला लागू नका. कूलरच्या दमट हवेत ती रात्रीपर्यंत वाळत नाही.

कॅन्डिडा ऑरिसचा व्हिडिओ विसरून झोपा. २००९ मध्ये जपानमधल्या एका बाईच्या कानात तो पहिल्यांदा ओळखला गेला. पुढे तो भारतासह जगभरच्या रुग्णालयांत पसरला. तो गाठतो अतिदक्षता विभागातल्या, नळ्या लावलेल्या, बरेच दिवस दाखल असलेल्या रुग्णांना. शाळेत फळ्यापुढे उभ्या असलेल्या बाईला बहुतेक करून नाही.

लगेच रुग्णालय गाठायचं ते वेगळ्याच लक्षणांसाठी. ताप, ओटीपोटात दुखणं, घाण वास, किंवा जननेंद्रिय आणि गुदद्वाराच्या मधल्या भागात सूज, लाली आणि हात लावू देणार नाही इतकी कळ. हे शेवटचं फार क्वचित होतं, पण डॅपाग्लिफ्लोझिनच्या गटातल्या औषधांसोबत त्याची नोंद आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१८ मध्ये तसा इशारा दिला. असं झालं तर सकाळची वाट पाहू नका.

यजमानांना औषध लागत नाही. त्यांना स्वतःला खाज, लाली, पुटकुळ्या असतील तर मात्र त्यांनीही दाखवावं, आणि त्यांनाही शुगर असेल, तेही हीच गोळी घेत असतील तर आवर्जून. आत ठेवायच्या बऱ्याच मलमांनी आणि तेलांनी निरोधचं रबर कमकुवत होतं, म्हणून उपचार सुरू असेपर्यंत त्याच्यावर विसंबू नका.